मलिद्याचे पोहे

नेतिवोत,
९ मार्च १९९९

मलकाताई, शालोम.

तीन आठवडे कागद समोर घेतो आणि उठतो. एकदा तर निम्मं पत्र तसंच टाकून, आईला शेजारच्या एस्तेरमावशीकडे सोडून मित्स्पे रामोनला गेलो. दिवसभर दरीकाठी रानबोकड बघत बसलो. काय शिंगं असतात! ते जाऊ दे.

रविवारी आईला वृद्धाश्रमात न्यायचं नाही. अमनोनभावजींनी एवढी खटपट करून जागा मिळवली असेल, तर त्यांनीच तिथे राहावं.

मी आठवीत शाळा सोडलेला, पण पेपरातला एक तुकडा तीनदा वाचला. इतकी वर्षं म्हणत होते, मोठ्या माणसाच्या मेंदूत नवी पेशी उगवत नाही. उगवते! तीही आठवणी बसतात त्याच भागात. कात्रण घेऊन डॉक्टर तामारकडे गेलो.

"मोतेक, बाळा, अल्झायमरमध्ये तोच भाग आधी झिजतो," ती म्हणाली. "त्या पेशी तिथे काय करतात, ते अजून नीट कळलेलं नाही. हे औषध नव्हे."

"पण उगवतात ना?"

"तुझ्या आईला आजचा वार सांगता येत नाही."

वार पटकन मलाही सांगता येत नाही, ताई. मग मलाही टाका.

आता ऐक. गुरुवारी आई म्हणाली, एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोललेय, कर. मी पोहे तासभर पाण्यात ठेवले. लगदा! तसाच नारळ-साखर घालून ताटात ठेवला. आई पोट धरून हसली.

काल तिने पुन्हा मलिदा करायला लावला. मी पोहे काढतोय तर मागून, "ए, भिजत घालू नकोस! धू आणि निथळ. परवा लापशी केली होतीस."

चार दिवसांपूर्वीचं! कुठे बसलं हे?

"मी कोण?" विचारलं.

"तू तो नवा. पोहे बिघडवणारा."

तुला सांगितलं नव्हतं. मागे मी घर सोडून महिनोन्महिने भटकत होतो तेव्हा ती नवस बोलली होती, हिलेल परत आला की मलिदा. मी येऊन चार महिने झाले. ती अजून हिलेलची वाट बघते, आणि त्याच्यासाठी मलिदा माझ्याकडून करून घेते. पहिल्यांदा मोरीत जाऊन रडलो. आता नाही. जुना गेला तर गेला, नव्याला तिने शिकून घेतलंय. आश्रमात रोज नवे चेहरे. कुणाकुणाला शिकेल?

थांब, खाली गाडी आली. अमनोनभावजी! रविवारी यायचे ते आजच आले, हातात फॉर्म. दार आईनेच उघडलं. ऐक काय म्हणतेय: "नेणारे तुम्ही कोण? घरात तो नवा आहे. त्याला विचारल्याशिवाय मी चप्पल घालायची नाही."

उठतो. विचारू देत मला.

आईने शिकलेला,
हिलेल