विझायला हवी होती ती चमक

४ फेब्रुवारी

विझायला हवं होतं. विझलं नाही.

अंधाऱ्या खोलीत यूव्ही दिव्याखाली नळी धरली — बोटभर उंचीची चौकोनी काचनळी, आत आमचा नवा रेणू विरघळवलेला. मंद, तांबडं काहीतरी दिसलं. तीच नळी चमक मोजायच्या मशीनला लावली, तर रेघ सपाट. म्हणजे चमक नाही. मग मी काय बघितलं?

५ फेब्रुवारी

डोळे चोळून पुन्हा बघितलं. आहे!

८ फेब्रुवारी

बाईंना सांगितलं. बाई म्हणजे माझ्या गाईड. या रेणूंवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली. म्हणणं साधं — प्रकाश पडला की रेणूच्या एका टोकाचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाला उडी मारतो, आणि जी चमक व्हायची ती या उडीपायी विझते. रेणू अंधारा राहतो. यावरच बाईंचं नाव झालं, माझ्या आधीच्या कितीजणांची पीएचडी झाली. माझीही व्हायची आहे.

बाई आल्या. नळी डोळ्यांजवळ धरली, मान जरा तिरकी केली. म्हणाल्या, "काही नाही. अंधार आहे. भांडी नीट धूत जा."

भांडी मी नीटच धुते.

११ फेब्रुवारी

तरी पुन्हा धुतली. द्रावकाची नवी बाटली फोडली. रेणू परत शुद्ध केला. तांबडं आहेच, उलट जरा जास्त.

शेजारच्या टेबलावरच्याला बोलावलं. सगळे त्याला पोपट म्हणतात, बाई बोलतील तेच बोलतो म्हणून. वाकून बराच वेळ बघत राहिला.

"बाईंना दिसलं नाही ना? मग मला कसं दिसेल?"

"पण दिसतंय का?"

"अगं, मला जूनमध्ये प्रबंध द्यायचाय."

हे काय उत्तर झालं?

१२ फेब्रुवारी

चहा घेताना नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत भूगोल शिकवतो, रेणूंशी त्याचं काही घेणंदेणं नाही.

"मशीन काय म्हणतं?" "नाही म्हणतं." "बाई?" "नाहीच." "मग दोघं एकीकडे, तू एकटी एकीकडे." असं म्हणून बिस्किट बुडवायला लागला.

राग आला. मग दिवसभर वाटत राहिलं — खरंच की. मलाच भास होत असेल तर?

१४ फेब्रुवारी

डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. दिलासा वाटायला हवा होता. डोकं आणखीच भंजाळलं.

१७ फेब्रुवारी

बाईंनी पेपर तोंडी सांगितला, पोपटाने टाईप केला. त्यात वाक्य आहे : हा रेणू कोणतीही चमक दाखवत नाही. मोजमापं माझी, खाली नाव माझं. "या आठवड्यात बघून दे," म्हणाल्या.

बघितलंच तर आहे! तोच तर घोळ आहे.

१९ फेब्रुवारी

कुणाला न सांगता भौतिकशास्त्राच्या इमारतीत गेले. तिथल्या नव्या सरांकडे चांगला डिटेक्टर आहे. आमच्या मशीनचं नाव ऐकूनच हसले. "तुमचा जुना आहे. निळं-हिरवं छान पकडतो. इतकं मंद तांबडं त्याला कळायचं नाही."

नळी लावली. पडद्यावर उंचवटा आला. खुर्चीवर बसले तशीच बसून राहिले.

कचरा असेल का, हेही तपासलं. रेणू ज्या रंगाचा प्रकाश गिळतो, नेमका तोच पाडला की तो चमकतो. कचरा असता तर इतकं जुळलं नसतं. सर म्हणाले, "इलेक्ट्रॉन उडी मारतोच. पण परत येताना उरलेली ऊर्जा प्रकाशात देतो. बाईंचं अर्धं बरोबर आहे."

अर्धं! हे त्यांना जाऊन सांगायचं कुणी?

२० फेब्रुवारी

सांगितलं. आलेख पुढे ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "वाचून दाखव." दाखवला. मग म्हणाल्या, "नळी आण."

अंधाऱ्या खोलीत तिघं उभे. आज नळीत रेणू जास्त घातला होता, सरळ लालभडक दिसत होती. पोपटसुद्धा "अरे" म्हणून गेला.

बाई म्हणाल्या, "मला काही दिसत नाही."

एक आकडा मनाने लिहिला म्हणून पहिल्या वर्षी मला महिनाभर मशीनला हात लावू दिला नव्हता यांनी. त्याच बाई स्वतःचं म्हणणं टिकवायला डोळ्यांवर कातडं ओढतात?

"मग माझं नाव काढा त्यातून," मी म्हणाले.

"बरं."

एवढंच. ना ओरडल्या, ना समजावलं. ओरडल्या असत्या तर निदान काहीतरी कळलं असतं.

२१ फेब्रुवारी

गेले नाही. फोन वाजला तो उचलला नाही. आपण केलं ते बरोबर की आगाऊपणा, काही उमजत नाही. नवरा म्हणाला, "तू खरं बोललीस ना? मग रडतेस कशाला?" ते माहीत असतं तर रडले नसते.

२२ फेब्रुवारी

सकाळी बाई घरी आल्या. आपल्या यजमानांचा दंड धरून, पायाने एकेक पायरी चाचपत. मी दारातच उभी होते, तरी त्यांनी विचारलं, "ती आहे का घरात?"