खिळ्यावरचा थर्मोस्टॅट

१२ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत. पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून केली. पुढचं वाचून तूच ठरव.

तुझं कार्ड मिळालं. ‘बॉयलर काढून टाका. विजेचे हीटर घ्या. मी त्या घरात पाऊल टाकणार नाही.’ सहा वर्षांनी बहिणीला लिहिताना शाई एवढी जपून वापरतात होय? माझी मुलगी आता दुसरीत आहे, माझ्यासारखीच वटवट करते. बाबांचं गुडघ्यांचं रडगाणं चालूच असतं. त्यांचा भाजलेला उजवा हात तसाच आहे. बोटं मिटत नाहीत, कात्री धरता येत नाही. शिलाईचं मशीन झाकून ठेवलंय, पण विकू देत नाहीत.

मंगळवारी बॉयलरचा मिस्त्री आला होता. पंप कुरकुरत होता आणि थंडी तोंडावर आलेली. तळघरात तासभर खुडबुड करून तो वर आला आणि हात पुसत म्हणाला, “पंपाचं बेअरिंग गेलंय. बाकी हे काम ज्यानं केलंय त्याला मानलं. असं काम आपलं आपण बिघडत नाही.” मी चहा ओतत होते, तो बशीभर सांडला.

तो गेल्यावर बाबांनी विचारलं, “चिमे, त्या दिवशी थर्मोस्टॅट खिळ्यावर कुणी टांगला होता?”

दादा, मी टांगला होता.

आता लिहिलंच आहे तर सगळं लिहिते. तूच मला शिकवलं होतंस: बॉयलरमधून निघणाऱ्या पाइपला थर्मोस्टॅट स्प्रिंगनं आवळलेला असतो, पाइप साठ अंशांवर गेला की तो पंप सुरू करतो, आणि पंप ते गरम पाणी घरभर फिरवतो. पाइप निवला की पंप बंद. त्या दुपारी मुलीला ताप होता. तीन दिवस ती झोपली नव्हती, मीही नव्हते. पंप नेमका तिच्या खोलीखाली. तिचा जरा डोळा लागला की हा घूं घूं सुरू करायचा. ‘कुणीतरी शहाणा बंद करून ठेवील’ म्हणून तू त्याला स्विच ठेवला नव्हतास. तो शहाणा घरातच होता. मी खाली गेले, स्प्रिंग सोडली आणि थर्मोस्टॅट भिंतीवरच्या खिळ्याला लटकवला. त्याला वाटलं पाइप गार आहे. पंप गप्प झाला. भट्टीतली लाकडं मात्र धडधडत राहिली, आणि पाणी जागच्या जागी उकळायला लागलं. अर्ध्या तासात परत लावू, असं ठरवून मी मुलीशेजारी टेकले.

जाग आली ती बाबांच्या किंकाळीनं.

शेजारी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. मुलीजवळ कुणीतरी हवं म्हणून मी मागे राहिले, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी खाली जाऊन थर्मोस्टॅट पुन्हा पाइपवर आवळला.

संध्याकाळी तू आलास. बॅटरी घेऊन एकेक वायर तपासलीस. मी जिन्यावर उभी होते. स्प्रिंगचा हूक तू नेहमी भिंतीकडे वळवतोस, कुणाची बाही अडकू नये म्हणून. मी घाईत तो बाहेरच्या बाजूला ठेवला होता. तुझं बोट त्याच्यावर आलं. तू नुसत्या सवयीनं तो भिंतीकडे वळवलास आणि पुढे गेलास. काहीच सापडेना, तेव्हा म्हणालास, “म्हणजे माझंच काहीतरी चुकलं.” एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. आठवड्याभरात तू हत्यारं देऊन टाकलीस आणि निघून गेलास. तुझ्यासारखा कारागीर गोदामात खोकी उचलतो, हे मला रोज आठवतं. लाज वाटते. तरी सहा वर्षं गप्प बसले.

मंगळवारी बाबा म्हणाले, त्या दिवशी उकळत्या पाण्यानं पाइप धडाधड वाजायला लागले ते ऐकून ते खाली गेले, तर थर्मोस्टॅट खिळ्यावर दिसला. परत लावायला हात घातला आणि शेजारच्या झडपेतून वाफ थेट हातावर सुटली.

“मग बोलला का नाहीत?” मी ओरडलेच.

“तुझी पोर तापानं फणफणलेली. वाटलं, तू आपणहून सांगशील. मग वाटलं, तो थोरला आहे, सोसेल.” आणि म्हणाले, “आता तू लिही. नाहीतर मी लिहितो.”

“कोणत्या हातानं?” माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांनी डावा वर करून दाखवला.

ये म्हणायचा मला हक्क नाही. पंप नवीन बसवलाय. थर्मोस्टॅटला मात्र मिस्त्रीला हात लावू दिला नाही. तू ठेवलास तसाच आहे, हूक भिंतीकडे.

तुझी चूक नव्हती. हे पत्र हवं त्याला दाखव.

तुला घराबाहेर काढणारी,
चिमी

ता. क. खाली स्वतः लिहायचा बाबांनी हट्ट धरलाय. सकाळपासून रद्दीवर गिरवत होते.

पोरा, मी पण गप्प बसलो.
बाबा