चुकीवरचा निबंध

३ मार्च, सकाळी ७.१२
काल आमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात एक बाई टेबल-क्लॉक परत घेऊन आल्या. आतला स्क्रू मीच नीट आवळला नव्हता. पण तोंडातून निघून गेलं, आमच्या दादांचे हात हल्ली थरथरतात. दादा शेजारच्याच स्टुलावर होते. डोळ्याचं भिंग काढलं, खिशात ठेवलं, घरी गेले.
मला जेवण गेलं नाही. दुसऱ्यांदा भात घेतला, तो उरला होता म्हणून.
आज माफी मागायची. नक्की.

४ मार्च
तोंडी माफी उथळ वाटते. निबंध लिहून देतो. निबंधात विचार टिकतो. शिवाय वाचणारा आपल्याकडे रोखून बघत नाही. विषय: 'चूक'. शाळा नववीत सुटली, पण भाषा आणि घड्याळं दोन्ही मी स्वतःच शिकलो. (घड्याळांच्या वेळी दादा शेजारी बसून दाखवायचे, तेवढंच.)

६ मार्च
स्टूल रिकामं. चुकीची व्याख्या चार वेळा बदलली. बायको म्हणाली, अहो, पलीकडच्या गल्लीत तर राहतात, जाऊन या की. तिला लेखनातलं कळत नाही.

९ मार्च, दुपारी १.४०
सोळा पानं. चुकीचे प्रकार सात. उदाहरण म्हणून आपलं प्रकरण घालणार होतो, पण त्याने निबंधाची उंची कमी होते. 'माणसाच्या हातून' असं मोघम ठेवलं.

११ मार्च
निबंध दारातूनच वहिनींच्या हातात दिला. आत दादा खोकले. थांबायला वेळ नव्हता, दुकान उघडायचं होतं. आज दुकानाला सुट्टी असते, हे कोपऱ्यावर आल्यावर आठवलं.

१३ मार्च
वहिनी दुकानात आल्या. दादांनी भिंग लावून अक्षर न् अक्षर वाचलं म्हणे. म्हणाले, अक्षर सुरेख आहे, मांडणी चोख आहे. फक्त चूक कोणाची, ते सोळा पानांत सापडलं नाही.
मग पिशवीतून दादांचं भिंग काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, भाऊजी, हे आता तुम्हीच वापरा, ते काही यायचे नाहीत.

१३ मार्च, संध्याकाळी ६.०५
दुकान बंद करून तडक निघालो. दादांच्या दारापर्यंत गेलो. बेलवर बोटही ठेवलं. दाबलं नाही. हात थरथरत होता.
येताना नवी वही आणली. पहिली ओळ लिहिली: 'दादा, स्क्रू मीच नीट आवळला नव्हता.'
ओळ बरी आहे. पण फार एकदम येते. तिच्याआधी छोटीशी प्रस्तावना हवी.