शैलाच्या मेमोतलं दुसरं वाक्य

३ नोव्हें. १९९७, सोम.
आज शैलाला मेमो दिला. जिच्याबरोबर एकोणीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला, तिला. हे कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून ही वही.
कारण कामगारांसाठीच्या मराठी सूचना. शैला टाइप करते, तिच्या मशीनवर नीट दिसतात. फ्लॉपीवरून प्रिंटरजवळच्या मशीनवर नेऊन पेस्ट केल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा. महिन्यात सहावी वेळ. दर वेळी पुन्हा टायपिंग. ॲसिडच्या टाकीची सूचना तर कुणीतरी तशीच बोर्डावर लावली. तावडेसाहेबांनी, नव्या मॅनेजरांनी, सगळ्यांसमोर विचारलं, "इथं सुपरिंटेंडंट कोण आहे?" मीच.
शैला म्हणाली, "बाई, मी बरोबर टाकलंय. तिकडं गेल्यावर बिघडतं." मी म्हटलं, यंत्राला नावं ठेवू नकोस.
पोचवहीवर सही घेतली. मेमो उघडलाही नाही तिनं. "तुमी लिवलाय ना, मग वाचू कशाला."

५ नोव्हें.
शैला डबा घेऊन स्टोअरमध्ये बसली. तिच्या सुक्या बोंबलांना मी इतकी वर्षं नाक मुरडलं. आज टेबलावर वास नाही. पोळी परत आणली.

१० नोव्हें.
शैलाला कामावरून काढलं. टायपिस्ट एक कमी करायचाच होता, ज्याच्यावर दोनदा ठपका तो जाणार. मी म्हटलं, तिला एकच मेमो आहे. ता. सा. नी फाइल माझ्यापुढे सरकवली. "दुसरं वाक्य वाचा मॅडम."
"यापूर्वीही आपणास तोंडी समज देण्यात आली होती."
कधी? मी तिला कधीच समज दिलेली नाही. हे वाक्य गेल्या वर्षीच्या वॉचमनच्या मेमोतलं. तोच कॉपी करून पेस्ट केला होता. नाव बदललं, तारीख बदलली, कारण बदललं. हे राहिलं. खाली माझी सही.
दुसऱ्याच्या हातचा कागद तीनदा तपासते मी. स्वतःचा

११ नोव्हें.
ता. सा. ना सांगितलं, चूक माझी आहे.
"टायपिंगची चूक ना? मग ती टायपिस्टची."
"मी टाइप केलाय. तिच्यावरचा मेमो तिच्याकडून टाइप करून घेणार होते का?"
"मॅडम, हेड ऑफिसला गेलंय ते. आता मागे घेतलंत तर तुमच्यावर येईल. रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय तुमचं."
"येऊ दे."
ते हसले. फोन उचलला.

१४ नोव्हें.
शैलाच्या खुर्चीवर बसून सूचना टाइप केली. फ्लॉपी, पलीकडचं मशीन, पेस्ट. तोच कचरा. यंत्राला नावं ठेवावीशी वाटली.
तिच्या ड्रॉवरमध्ये दोन फ्लॉप्या आणि एक चिठ्ठी. तिचंच गोल अक्षर: "२ नंबरच्या मशीनवर आपला फॉन्ट नसेल का? बाई शांत असताना विचारणे."
त्या मशीनवरची फॉन्टची यादी पाहिली. खरंच नव्हता. तिच्या फ्लॉपीवरून टाकला, सगळा कचरा सिलेक्ट करून फॉन्ट बदलला. सूचना उभी राहिली, वेलांट्या-उकारांसकट. म्हणजे मजकूर एकदाही बिघडला नव्हता. तिनं सहा वेळा उगाच टाइप केला.
चिठ्ठीवर तारीख २० ऑक्टो. म्हणजे दोन आठवडे मी एकदाही शांत नव्हते.

१७ नोव्हें.
हे. ऑ. ला पत्र. हातानं लिहिलं, पहिल्या अक्षरापासून. मेमोतलं दुसरं वाक्य खोटं आहे, ते माझ्या हातून आलं, शैलाला परत घ्यावं. ता. सा. नी प्रत घेतली, वाचली नाही. उत्तर कधी, माहीत नाही.

२३ नोव्हें., रवि.
शैलाच्या घरी, घणसोली गावात गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. ती कितीदा म्हणाली होती, जत्रेला या.
शैला ओट्यावर मासळी साफ करत होती. हात धुतले.
"बसा बाई. पानी आनू?"
नको म्हटलं. मग हो म्हटलं.
पत्राच्या प्रतीचा लिफाफा दिला. म्हटलं, माझं चुकलं, शैला. तिनं लिफाफा उलटसुलट केला.
"तुमीच लिवलाय?"
"हो."
"मंग थांबा. चष्मा आनते." आत गेली. बाहेर येऊन, उजेडाकडे पाठ करून, बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागली. मी पाणी संपवलं. ती 'दुसरं वाक्य खोटं आहे' या ओळीवर थांबली होती. मी निघाले तेव्हाही तिथेच.

दिलं:
हे. ऑ. च्या पत्राची प्रत, १.
फ्लॉप्या, २, तिच्याच.
तिचा स्टीलचा डबा, झाकणासह. स्टोअरमध्ये राहिला होता.
चिठ्ठी दिली नाही. माझ्याकडे आहे.
पोचवही पिशवीत होती. काढली नाही.