आठवा टाका

दिवेआगर,
गुरुवार, १४ फेब्रुवारी १९५७

प्रिय हरेश्वर,

सप्रेम नमस्कार. वाडीतली सुपारी उतरली, माझी कंबर धरली, आणि नलूने सासरहून लोणचे मागवले. म्हणजे इकडे सर्व यथास्थित आहे.

अलिबागेहून तू पाठवलेली निकालाची नक्कल पोचली. काळूरामशेठचे अपील तू जिंकलास. मॅजिस्ट्रेटने दिलेली वर्षाची कैद सेशन जज्जांनी रद्द केली. स्वतःच्या युक्तिवादाखाली तू लाल शाईच्या रेघा मारल्या आहेस. पाठशाळेतही स्वतःच्या श्लोकाला पहिली वाहवा तूच द्यायचास.

निकाल तीनदा वाचला. बायजा शेठच्या गोदामात सुपारी सोलते. त्या मंगळवारी संध्याकाळी बाकीच्या बाया गेल्यावर शेठने दार लावून तिच्यावर हात टाकला, असे तिचे म्हणणे. जज्जसाहेब लिहितात, बाई खोटे बोलते असे नव्हे, पण तिच्या एकटीच्या शब्दावर शिक्षा देणे सावधपणाचे नाही. दुसरा आधार हवा. चोळी फाटली म्हणते, ती तर धुऊन शिवून हजर केली. निळ्या दोऱ्याचे सात टाके. त्यावरून ती कधीतरी फाटली होती एवढेच ठरते. भावाने चौकीवर नेले तो गुरुवार. मधले दोन दिवस? ‘प्रथम कोणाला सांगितलेस?’ असे तू खालच्या कोर्टात विचारलेस, तेव्हा ती गप्प राहिली. ते गप्प राहणे निकालात दोनदा आले आहे.

अरे, आपण दोघे एकाच पंतोजींकडे न्याय शिकलो. यथार्थ सांगणारा तो आप्त, आणि त्याचे वाक्य प्रमाण. तो सोबत किती जण घेऊन आला, हे पंतोजींनी कधी विचारले नाही. शेठचे सुपारीचे पोते गेले असते, तर एकट्या रखवालदाराच्या शब्दावर तू चोराला आत घातला असतास. आणि ती गप्प राहिली ती कुणाच्या सांगण्यावरून असेल, हे तुम्हा विद्वानांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये? असेल कुणी जुन्या वळणाचा शहाणा. दारात रडणारी बाई दिसली तरी ज्याला आधी विटाळ आठवतो, असा.

निकाल मी मोठ्याने वाचत होतो. आमची ही, कृष्णाबाई, तांदूळ निवडत होती. सात टाक्यांपाशी आलो तेव्हा वर न बघता म्हणाली, “आठ. एक काखेत आहे, आतल्या अंगाने. तो कुणाला दिसायचा नाही.”

मी निकालाची घडी घातली.

तर ऐक. त्या मंगळवारी दिवेलागणीला बायजा आमच्या मागल्या दारी आली. शेठचे नाव तिने तेव्हाच सांगितले. हिने तिला आत घेतले, नलूच्या भरतकामातला निळा दोरा काढून चोळी शिवून दिली. मी ओटीवरून, तिच्याकडे न बघता, बोललो, “घरी जाऊन आधी आंघोळ कर, कपडे धू. आणि आमचे नाव कुठे घेऊ नकोस.” आमच्या शाळेचे अध्यक्ष शेठच आहेत, हे तुला ठाऊक आहे. मलाही तेवढेच एक ठाऊक होते.

परवा बायजा आम्हा दोघांना विहिरीवर भेटली. “मास्तर, तुमी सांगितलंत म्हणून नाव न्हाय घेतलं. आता कोर्टात बी खोटी, गावात बी खोटी. आता तरी घेऊ काय?”

चोवीस वर्षे मी मुलांकडून उत्तरे पाठ करून घेतो आहे. हे एक मात्र हिच्याकडून शिकलो. हिनेच घागर खाली ठेवून सांगितले, “घे.”

सरकारी वकील म्हणतात, काही नवे हाती आले तर हायकोर्टात जाण्याचा विचार करू. आम्हा दोघांचे सह्यांनिशी लिहिलेले जबाब आजच्याच टपालाने त्यांच्याकडे गेले. उपयोग होईल की उशीर झाला, ते तुमचे शास्त्र जाणे. शेठ शाळा सोडायला लावतील. लावोत.

चोळी अजून कोर्टातच असेल. काखेची शिवण उलटून बघ. आणि मी पिंजऱ्यात उभा राहीन तेव्हा मैत्रीला स्मरून कमी विचारू नकोस. ‘इतके महिने कुठे होता, गुरुजी?’ इथूनच सुरुवात कर. लाल शाईने लिहून ठेव.

वहिनींस नमस्कार.

तुझा,
जज्जसाहेबांना न सापडलेला आधार,
चांगदेव