घरघर दुरुस्त झाली

९ फेब्रु., सोम.
कीबोर्ड वाजता वाजता मुका होतोय. वायर हलवली की बोलतो. शनिवारी वांगणीच्या फार्महाऊसवर कार्यक्रम, कितीतरी महिन्यांनी मिळालेला. घरी सोल्डर करावं तर गन जळलेली. शेवटी उल्हासनगरला होतूभाईंच्या रिपेअरिंगच्या दुकानात टाकला. बजावून आले, फक्त वायर.

१० फेब्रु.
कॉलेजच्या एका मुलीने फोनवर मुलाखत घेतली. "मॅम, आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक पंक तुम्हीच सुरू केलं ना?" सुरू कसलं! गिटार परवडत नव्हती. भाच्याचा हाच खेळण्यातला कीबोर्ड होता, आतून घरघरायचा. ती घरघर मोठी केली आणि त्याच्याच चिमुकल्या माइकवर ओरडले. तेव्हा अख्खं अंबरनाथ म्हणालं, बाईचं डोकं फिरलंय. आता पायोनियर म्हणतात, बोलावत मात्र कोणी नाही. वैताग आला, फोन ठेवला.

११ फेब्रु.
वाट लागली. होतूभाई खुशीत. "ताई, वायर तो जोडलीच, अंदर का कंडेन्सर भी सडेला था, बदली किया. अब सुनो, एकदम साफ!"
साफच. वाजणाऱ्या बर्थडे कार्डासारखा टुणटुण. माझी सगळी गाणी त्या घरघरीवर उभी आहेत! दुकानातच ओरडले त्यांच्यावर. ते बिचारे, "पर खराब था ना, ताई?"
घरी आई, "नीट झालं ना गं? मग रडतेस कशाला?" काय सांगू हिला. जेवले नाही.

१२ फेब्रु.
जुनं रेकॉर्डिंग लावून त्यावर गायले. छे. मी आवाज चढवला की ती घरघरही चढायची. रेकॉर्डिंग आपलं गुमान चालतं. कॅन्सल करू? मग परत कोण बोलावणार...

१३ फेब्रु.
परत दुकानात. होतूभाईंची माफी मागितली, मनापासून. त्यांनी जुन्या, काढून टाकलेल्या पार्टचा डबा टेबलावर ओतला. त्यातला माझा कंडेन्सर कुठला, देव जाणे. एकेक लावत बसलो.
"जिंदगीभर ठीक करत आलो, ताई. बिघडवायला पहिली बार बसलोय."
बरेच पार्ट मुकेच. एक नुसता शिटी मारणारा. मग दुपारी एक लावला आणि खालून असा जाडा, खरखरीत आवाज निघाला की शेजारचा जीन्सवाला बाहेर आला.
"येच ना?"
हे ते नव्हे. जुनं एकही गाणं यावर बसत नाही. तरी माइकवर ओरडून बघितलं. तो उलटा अंगावर आला.
"बदलू?" होतूभाईंची गन तापलेलीच होती.
"थांबा," म्हटलं.
उद्या दुपारी वांगणी. माझ्याकडे एकही गाणं नाही.