दोन सेकंद उशिरा

कारखाना वसाहत,
१२ ऑक्टोबर १९८७

आदरणीय तात्या,
सविनय जय भीम. मी बरी आहे. आईचा गुडघा कसा आहे? नळदुर्गला तरी पाऊस झाला का? इथं आडाचा तळ दिसतोय, तरी दिवाळीनंतर बॉयलर पेटणार म्हणतात. बाबूदादाचं प्रमाणपत्र तुम्ही भिंतीला लावलंत, असं आईनं कळवलं. तेवढी ओळ वाचून मी पत्र मिटून ठेवलं.

गेल्या हंगामात उसाअभावी बॉयलर थंड राहिला, म्हणून नव्या माणसांना संगणकावर शिकवायचं ठरलं. तीन टेबलं, तीन संगणक, मध्ये एकच तार. एकावर बॉयलर, दुसऱ्यावर मिल, तिसऱ्यावर पॉवरहाऊस. मिलनं वाफ ओढली की बॉयलरच्या पडद्यावरचा काटा तिथल्या तिथं हलायला हवा. ते तपासायचं काम माझं.

परवा नव्या तुकडीतले गुरुसिद्धप्पा बॉयलरच्या टेबलावर शिकायला बसले होते. पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला.

"दोनदा कशाला?" मी विचारलं.

"ताई, तुमचा बॉयलर लई झोपाळू हाय. एका हाकेला उठत न्हाय!"

सगळे हसले. मी घड्याळ लावलं. काटा दोन सेकंद उशिरा हलत होता.

आडात तीन घागरी एकदम सोडल्या की धडकतात, मग प्रत्येकीला थांबावं लागतं. तारेतल्या निरोपांचं तसंच होतं. मी जूनमध्ये एकेक टेबल चालवून बघितलं, तेव्हा सगळं चोख होतं. तपासणीच्या कागदावर 'तिन्ही एकत्र' या ओळीपुढंही मी 'ठीक' लिहिलं. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायचा होता. तिन्ही एकत्र मी चालवलीच नव्हती, तात्या.

दादा याच टेबलावर तीन महिने शिकला. त्याचाही हात दोनदा फिरतो. खऱ्या बॉयलरमध्ये तसं दुप्पट पाणी गेलं, तर ते वाफेबरोबर मिलच्या इंजिनात शिरेल आणि इंजिन फुटेल. तिथं माणसं उभी असतात. हे तुम्हाला मी काय सांगावं!

शाळेत घालायच्या आधी तुम्ही मला बॉयलरच्या काट्यावरच आकडे शिकवलेत. "आधी बघ, मग लिही," म्हणायचात.

उद्या सकाळी साहेबांकडं जाऊन पहिल्या तुकडीच्या अकरा प्रमाणपत्रांवरची माझी सही मागं घेते. त्यात दादाचंही आलं. त्याची लागलेली नोकरी जाईल, कदाचित माझीही. तो माझ्याशी बोलणार नाही. पत्र पोचेल तोवर हे झालेलं असेल.

भिंतीवरचं ते तुम्हीच उतरवा. दादाला उतरवायला लावू नका.

न बघता 'ठीक' लिहिलेली,
तुमची मुक्ता